स्टॉक कार गेममध्ये खरेपणा किती ठेवायचा? सेटिंग लावण्याची सविस्तर पद्धत

दिवाळीच्या सुट्टीत अकरा वर्षांचा भाचा घरी आला होता. टेबलावरचं स्टीअरिंग दिसताच तो खुर्चीत बसला, शार्लटच्या, म्हणजे अमेरिकेतल्या एका लंबगोल ट्रॅकवर तीन चकरा मारल्या आणि म्हणाला, "मामा, यात सारखं डावीकडेच वळायचं?"

"हो. आता आणखी पंचवीस चकरा मार आणि शेवटची चक्कर पहिलीसारखी मारून दाखव."

त्याला जमलं नाही. विसाव्या चकरेनंतर गाडी वळणात आत यायलाच तयार होईना, नाक सारखं बाहेरच्या भिंतीकडे जाऊ लागलं. टायर झिजले होते. "आत्ता तर वळत होती!" असं म्हणत तो खुर्चीच्या टोकाशी सरकून बसला आणि मग जेवायलाही उठेना.

स्टॉक कारच्या, म्हणजे दिसायला रस्त्यावरच्या गाडीसारख्या अमेरिकी रेसगाडीच्या गेममधली खरी गंमत ही आहे: ट्रॅक तोच राहतो आणि गाडी बदलत जाते. पण सेटिंग चुकलं तर ती गंमत दिसतच नाही. मी सुरुवातीला सगळं शंभर टक्के खरं ठेवून खेळलो आणि एकही रेस पूर्ण करू शकलो नाही. चिडून सगळ्या मदती चालू केल्या, मग प्रत्येक रेस जिंकलो आणि आठवडाभरात कंटाळलो. त्यानंतर कित्येक महिने एकेक सेटिंग बदलत, वहीत टिपत जी पद्धत हाती आली ती इथे लिहितो आहे. ती संगणकावर खेळणाऱ्यांसाठी आहे. स्टीअरिंग असेल तर उत्तम, साधा गेमपॅड असेल तरी चालेल.

आधी गाडी समजून घ्या

आपल्याकडे बहुतेकांची रेसिंगशी ओळख फॉर्म्युला वनमधून होते. स्टॉक कारचा स्वभाव अगदी वेगळा. नॅसकार ही संस्था १९४८ साली अमेरिकेत सुरू झाली, आणि तिच्या सर्वोच्च मालिकेतली आजची गाडी साधारण साडेचौदाशे किलोची आहे. इंजिन ३५८ घन इंचांचं, म्हणजे सुमारे ५.८६ लिटरचं, आठ सिलिंडरचं. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) नाही, ट्रॅक्शन कंट्रोल (मागची चाकं जागच्या जागी फिरू न देणारी यंत्रणा) नाही. पिटमध्ये, म्हणजे टायर-इंधनासाठी थांबायच्या जागेत, वेगमर्यादा असते, पण वेग आपोआप धरून ठेवणारं बटण नसतं; चालक इंजिनचे फेरे बघून तो वेग सांभाळतो. वजन जास्त, ताकद जास्त आणि त्या मानाने टायरची पकड कमी. म्हणून ही गाडी सतत थोडी सरकत असते आणि चालवण्याचं सगळं कौशल्य त्या सरकण्याला मर्यादेत ठेवण्यात असतं.

खेळ चांगला व्हावा म्हणून खरेपणाला कात्री लावायची का, हा प्रश्न गेमपुरता नाही. १९८७ साली टॅलाडेगाच्या ट्रॅकवर नॅसकारचा चालक बिल एलियट याने ताशी २१२.८०९ मैल, म्हणजे सुमारे ३४२ किलोमीटर वेगाने पात्रता फेरी मारली. त्याच शर्यतीत बॉबी ॲलिसनची गाडी उडून प्रेक्षकांसमोरच्या कुंपणावर आदळली. १९८८ पासून डेटोना आणि टॅलाडेगाला इंजिनात जाणारी हवा कमी करणारी पट्टी सक्तीची झाली. २०२२ साली आलेल्या नव्या गाडीतही बहुतेक ट्रॅकवर ६७० अश्वशक्ती आणि या महावेगी ट्रॅकवर ५१० अशी विभागणी ठेवली गेली. म्हणजे प्रत्यक्ष खेळ चालवणारेही ठिकाण बघून हात आखडता घेतात. तुम्ही घरी तेच केलंत तर त्यात कमीपणा नाही.

गेम बनवणाऱ्यांनीही हे खूप आधी ओळखलं होतं. पपायरस या अमेरिकी कंपनीने १९९४ साली 'नॅसकार रेसिंग' काढला आणि २००३ च्या 'नॅसकार रेसिंग २००३ सीझन'पर्यंत ही मालिका चालवली. तो शेवटचा गेम आजही लोक आवडीने चालवतात. पपायरसच्या संस्थापकांपैकी डेव्हिड केमर यांनी पुढे आयरेसिंग हा ऑनलाइन रेसिंगचा गेम उभा केला. तो २००८ साली लोकांसाठी खुला झाला. या सगळ्या गेममध्ये भौतिकशास्त्र कडक आहे, पण प्रतिस्पर्ध्यांची ताकद, रेसची लांबी, नुकसान, झेंडे यांचे स्लायडरही आहेत. ते वापरण्यासाठीच दिलेले आहेत.

एकच कसोटी

कुठल्याही सेटिंगसमोर मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: हे सोपं केलं तर माझ्या हातातला एखादा निर्णय जातो का, की माझ्या खोलीतली उणीव भरून निघते?

उणीव कसली? मागची चाकं सुटू लागली की खऱ्या चालकाला ते सगळ्यात आधी कंबरेत आणि पाठीत जाणवतं. वळणात शरीर एका बाजूला दाबलं जातं, त्यावरून ग्रिप किती उरली आहे ते कळतं. मान वळवली की शेजारची गाडी दिसते. आपण प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेलो असतो आणि समोर चोवीस इंची पडदा असतो. या माहितीची भरपाई करणाऱ्या मदती मी बिनदिक्कत घेतो.

निर्णयाचं उलट आहे. टायर आता वापरायचे की वीस चकरांनंतरसाठी राखायचे, पिवळ्या झेंड्यावर (अपघातानंतर सगळ्यांना हळू चालायला लावणारा झेंडा) पिटमध्ये जायचं की जागा धरून ठेवायची, दोन टायर की चार: हे ज्या सेटिंगमुळे नाहीसं होतं, ते सेटिंग मी कधीच सोपं करत नाही.

गल्ली क्रिकेटमध्ये आपण हेच करत आलोय. एलबीडब्ल्यू नसतं, कारण अंपायर नसतो. भिंतीपलीकडे चेंडू गेला की आउट, कारण तो आणायला कुणी जाणार नसतं. पण चेंडू वळवणं आणि चोरटी धाव यांना कुणी हात लावत नाही.

पायरी १: डिफिकल्टीच्या आधी पडदा आणि स्टीअरिंग

बहुतेक जण गेम अवघड वाटला की आधी प्रतिस्पर्धी हळू करतात. त्याआधी आपल्याला नीट दिसतंय का आणि हाताला नीट कळतंय का, ते बघा.

फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे पडद्यावर किती अंशांचं दृश्य दाखवायचं, हे मोजून ठरवता येतं. पडद्याच्या रुंदीचा अर्धा भाग घ्या, त्याला डोळ्यांपासून पडद्यापर्यंतच्या अंतराने भागा, आलेल्या संख्येचा व्यस्त टॅन काढा आणि दुप्पट करा. चोवीस इंची पडद्याची रुंदी सुमारे ५३ सेंटिमीटर असते. तुम्ही ६० सेंटिमीटरवर बसत असाल तर उत्तर जवळजवळ ४८ अंश येतं. काही गेम उभा कोन विचारतात. त्यासाठी रुंदीऐवजी उंची घ्यायची, मग ते २८ अंशांच्या आसपास येतं.

४८ अंशांत वेग आणि अंतर अगदी खरं भासतं, वळणाची सुरुवात अचूक कळते. पण आजूबाजूचं काहीच दिसत नाही, आणि स्टॉक कारमध्ये कुणीतरी सतत शेजारी असतंच. इथे मी गणित थोडं सोडतो आणि ५५ ते ६० अंशांपर्यंत जातो. त्याहून पुढे गेलात तर वळण दूर आहे असं वाटतं आणि तुम्ही प्रत्येक वेळी उशिरा ब्रेक मारता.

शेजारच्या गाडीसाठी दुसरा उपाय आहे तो स्पॉटर. कित्येक जण स्पॉटरचा आवाज नवशिक्यांची मदत समजून बंद करतात. नॅसकारमध्ये प्रत्येक चालकाचा स्पॉटर प्रत्यक्ष असतो, उंच जागेवर उभा राहून रेडिओवर "आतल्या बाजूला गाडी आहे", "आता मोकळं" असं सांगत असतो. त्याला बंद केलं तर गेम अवघड होतो आणि खोटाही होतो. तो चालूच ठेवा.

फोर्स फीडबॅकबद्दल, म्हणजे स्टीअरिंगमधली मोटर हाताला जो जोर देते त्याबद्दल, एक गैरसमज आहे की स्टीअरिंग जितकं जड तितकं खरं. स्टॉक कारला पॉवर स्टीअरिंग असतं. ओव्हलवर, म्हणजे लंबगोल ट्रॅकवर, आणखी एक अडचण येते. आतल्या बाजूला कललेल्या वळणात गाडी सलग कित्येक सेकंद दाबलेली राहते आणि मोटर तेवढा वेळ पूर्ण जोर लावत बसते. जोराची कमाल मर्यादा गाठली गेली की त्यावरचे बारकावे हाताला कळतच नाहीत; यालाच क्लिपिंग म्हणतात. नेमकं पुढचे टायर पकड सोडतात तेव्हाच तुमचा हात बधिर होतो. म्हणून शार्लटसारख्या ट्रॅकवर वळणाच्या मध्यभागी जोर मर्यादेच्या थोडा खाली राहील इतकं सेटिंग उतरवा. गेममध्ये क्लिपिंगचा मीटर असेल तर काम सोपं. नसेल तर वळणात स्टीअरिंग किंचित सैल झाल्याचं जाणवेपर्यंत पाच-पाच टक्क्यांनी खाली या.

गेमपॅडवाल्यांनी स्टीअरिंगची लिनिअरिटी वाढवावी, म्हणजे काडी मध्याजवळ हळू आणि टोकाशी जलद काम करते. ओव्हलवर तुमचा बहुतेक वेळ मध्याजवळच जातो. डेडझोन, म्हणजे काडी हलवूनही गाडी वळत नाही तो मधला भाग, जमेल तितका लहान करा.

संगणक जुना असेल तर प्रेक्षक, सावल्या, धूर यांना आधी कात्री लावा. आरसा मात्र ठेवा. डेटोनाला आरशाविना चालवणं म्हणजे डोळे मिटून चालवणं. सेकंदाला साठ चित्रं स्थिर मिळणं हे सुंदर सावल्यांपेक्षा कितीतरी जास्त खरेपणा देतं.

पायरी २: मदती कोणत्या क्रमाने काढायच्या

सगळ्यात आधी स्टीअरिंगची मदत काढा, कितीही नवखे असलात तरी. ओव्हलवर वळणाचा कंस आखणं हेच मुख्य काम आहे. तेच गेम करू लागला तर तुमच्यासाठी काय उरलं? त्यापाठोपाठ रस्त्यावर रंगवलेली रेषा. ती ताज्या टायरची रेषा दाखवते, आणि टायर झिजले की तुम्हाला वर, भिंतीच्या बाजूला नवी रेषा शोधावी लागते. रंगीत पट्टी समोर असेपर्यंत डोळे ती शोधतच नाहीत.

मग एबीएस. दीड मैलाच्या ट्रॅकवर ब्रेकचा वापर इतका थोडा असतो की तिथे ते काढलं तर विशेष फरक पडत नाही. म्हणून आधी शार्लटला काढा, सवय होऊ द्या, आणि मार्टिन्सव्हिलच्या छोट्या ट्रॅकवर सगळ्यात शेवटी.

ट्रॅक्शन कंट्रोल मी शेवटपर्यंत ठेवू देतो, विशेषतः गेमपॅडवर. मागची चाकं फिरू लागल्याचं कंबरेला जाणवत नाही, ही तीच उणीव. मात्र ते कमीतकमी पातळीवर असावं. पूर्ण ट्रॅक्शन कंट्रोलवर वळणातून बाहेर पडताना डोळे झाकून थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) दाबता येतं, मागचे टायर राखण्याचं कसब मातीमोल होतं आणि एक निर्णय हातातून जातो.

आपोआप गिअर बदलण्याचं फारसं मनावर घेऊ नका. पिटमधला वेग पहिले काही आठवडे गेमला सांभाळू द्या, नंतर स्वतःकडे घ्या. फेऱ्यांच्या काट्यावर नजर ठेवून वेगमर्यादेच्या कडेला चालवण्यात वेगळंच समाधान आहे.

पायरी ३: रेसची लांबी, टायर आणि इंधन

इथे सर्वाधिक चुका होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

शार्लटची ६०० मैलांची शर्यत ४०० चकरांची. एक चक्कर साधारण तीस सेकंदांची धरली तरी नुसत्या हिरव्या झेंड्यातली, म्हणजे पूर्ण वेगाने पळण्याची, दोनशे मिनिटं. नोकरी-संसार सांभाळून हे रोज शक्य नाही. म्हणून लोक रेस दहा टक्क्यांवर आणतात, म्हणजे ४० चकरा. पण एका टाकीत साधारण पन्नास-साठ चकरा निघतात! परिणाम असा की पिटमध्ये जाण्याची गरजच पडत नाही, टायर संपायच्या आत रेस संपते, आणि जो पहिल्या तीन चकरांत पुढे घुसतो तो जिंकतो. रेस लहान केली असं वाटतं. प्रत्यक्षात तिचा गाभा काढून टाकलेला असतो.

यावर दोन मार्ग आहेत. वेळ असेल तर पंचवीस टक्के ठेवा. शंभर चकरा, पिवळे झेंडे धरून तासाभराच्या आसपास. झीज आणि इंधन दोन्ही खऱ्या प्रमाणात ठेवले तरी किमान एक थांबा येतोच, आणि तो कधी घ्यायचा हे तुमच्या हातात असतं. रविवारी दुपारी मी हेच करतो.

वेळ नसेल तर चाळीस चकरा आणि झीज व इंधन दोन्ही दुप्पट. एक टाकी पंचवीस-तीस चकरा पुरेल, एक थांबा येईल. दोन्हींचं प्रमाण एकच ठेवा. इंधन दुप्पट आणि टायर एकपट असं केलंत तर पिटमध्ये जाऊन टायर बदलण्यात अर्थ उरत नाही.

तिपटीच्या पुढे मात्र जाऊ नका. एकपट झिजेत तुम्ही पाचव्या चकरेत उतावीळपणे चाकं फिरवलीत तर त्याची किंमत पंचविसाव्या चकरेत मोजावी लागते. संयमाचं फळ मिळायला तेवढं अंतर लागतं. चौपट झिजेत आठव्या चकरेपर्यंत सगळ्यांचेच टायर जातात, जपून चालवणाऱ्याचेही आणि आडदांडाचेही.

नॅसकारने २०१७ पासून शर्यतीचे टप्पे पाडले आहेत. प्रत्येक टप्प्याअखेर गुण मिळतात आणि पिवळा झेंडा निघतो. तुमच्या गेममध्ये ही सोय असेल तर लहान रेसमध्ये ती जरूर चालू करा. टप्पा संपायच्या थोडं आधी पिटमध्ये जाऊन पुढच्या टप्प्यात वर यायचं, की थांबून गुण घ्यायचे? चाळीस चकरांतही हा पेच उभा राहतो.

पायरी ४: प्रतिस्पर्ध्यांचा वेग मोजून ठरवा

एआयची, म्हणजे गेम स्वतः चालवतो त्या गाड्यांची, ताकद अंदाजाने ९० किंवा ९५ ठेवणं म्हणजे माप न घेता कपडे शिवणं. एक संध्याकाळ द्या.

सरावात भरल्या टाकीने एकट्याने पंचवीस चकरा मारा. पाचवी ते दहावी यांची सरासरी आणि विसावी ते पंचविसावी यांची सरासरी अशा दोन संख्या लिहा. सगळ्यात वेगवान चक्कर लिहू नका, ती तुमची फसवणूक करते. मग एआयबरोबर तेवढ्याच चकरांची रेस लावा आणि दहाव्या क्रमांकाच्या गाडीच्या त्याच दोन सरासऱ्या निकालातून काढा. पहिल्या नंबरच्या गाडीशी तुलना करू नका. तुमची सुरुवातीची सरासरी दहाव्या गाडीच्या दहा-पंधरा शतांश सेकंदांच्या आत आली की स्लायडर बरोबर लागला. एका वेळी एक-दोन अंकच हलवा.

दुसरी संख्या वेगळंच सांगते. सुरुवातीला तुम्ही बरोबरीत आहात आणि शेवटी प्रत्येक चकरेत अर्धा सेकंद मागे पडत आहात, तर स्लायडर खाली आणायचा मोह आवरा. तुम्ही टायर जाळत आहात. वळणात शिरताना थोडा लवकर थ्रॉटल सोडा, मध्यात गाडीला वळू द्या, आणि स्टीअरिंग सरळ होत आल्यावरच पुन्हा पाय ठेवा. पहिली सरासरी किंचित वाढेल, दुसरी बरीच सुधारेल. शेवटी तुम्हीच एआयपेक्षा खूप जलद असाल तर त्या गेममध्ये एआयचे टायर वेगळ्या हिशेबाने झिजत असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर स्लायडर दोन अंक वर न्या आणि सुरुवातीला मागे पडणं स्वीकारा.

हे प्रत्येक प्रकारच्या ट्रॅकसाठी वेगळं करावं लागतं. माझा शार्लटचा आकडा मार्टिन्सव्हिलला अजिबात चालत नाही.

किती जिंकणं योग्य? नॅसकारच्या हंगामात गुणांच्या ३६ शर्यती असतात. २०२१ साली काइल लार्सनने त्यातल्या दहा जिंकल्या आणि ते वर्ष असामान्य मानलं गेलं. तुम्ही दर तिसऱ्या रेसपेक्षा जास्त वेळा जिंकत असाल तर एआय कमजोर आहे. बारावा क्रमांक मिळूनही समाधान वाटेल अशा ठिकाणी स्लायडर आणा.

पायरी ५: नुकसान आणि पिवळा झेंडा

३० ऑक्टोबर २०२२, मार्टिन्सव्हिल. शेवटच्या चकरेत नॅसकारचा चालक रॉस चॅस्टेन याला अंतिम फेरी गाठायला आणखी जागा हव्या होत्या. त्याने गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकली, थ्रॉटल पूर्ण दाबून धरलं आणि बाहेरच्या भिंतीला घासत शेवटची दोन्ही वळणं पार केली. पाच गाड्या मागे पडल्या. ती चक्कर १८.८४५ सेकंदांची, त्या ट्रॅकवर स्टॉक कारने मारलेली सगळ्यात वेगवान. लहानपणी गेमक्यूबवर 'नॅसकार २००५' खेळताना ही युक्ती सुचल्याचं त्याने नंतर सांगितलं. २०२३ च्या हंगामाआधी नॅसकारने जाहीर केलं की असं पुन्हा केलं तर सुरक्षेच्या नियमाखाली दंड होईल.

त्या दिवशी युक्ती चालली, कारण पुढची चक्कर नव्हती. नुकसान बंद ठेवलेल्या गेममध्ये प्रत्येक चक्कर शेवटचीच असते. भिंत रुळासारखी होते, ब्रेक निरर्थक होतो आणि टायर, रेषा, संयम हे सगळे निर्णय एका फटक्यात जातात. म्हणून नुकसान शून्यावर कधीच ठेवू नका.

पूर्ण नुकसानही सुरुवातीला नको. एआय गाड्या कधी कधी तुम्ही तिथे नाहीच अशा थाटात आत येतात. दुसऱ्याच्या चुकीने तिसाव्या मिनिटाला रेस संपली की माणूस गेमच बंद करतो. मधली पातळी घ्या: भिंतीला घासलं की गाडीचा वेग घटावा, पिटमध्ये दुरुस्ती करता यावी. २०२० साली टाळेबंदीत नॅसकारचे खरे चालक आयरेसिंगवर टीव्हीसमोर शर्यती करत होते, तेव्हा त्यांनाही गाडी मोडल्यास ठरावीक वेळा ती नवी करून घेण्याची मुभा होती. तशी सोय असेल तर प्रत्येक रेसमध्ये एकदाच वापरायचं ठरवा. मागे नेऊन चूक पुसण्याची सोय मात्र सरावापुरती. रेसमध्ये ती वापरली की शेवटच्या दहा चकरांतली धडधड संपते.

पिवळा झेंडा लोक वेळ वाचवायला बंद करतात. हे सगळ्यात मोठं नुकसान. पिवळ्या झेंड्यावर सगळी रांग एकत्र येते आणि पिटमध्ये जाण्याचा खरा जुगार तिथेच असतो. दहा चकरा उरल्या आहेत, तुम्ही चौथे आहात: चार टायर घेऊन अकरावे व्हाल, दोन घेऊन सहावे, न थांबता पहिले. या एका क्षणासाठी मी स्टॉक कार खेळतो. वेळच वाचवायचा असेल तर पिवळ्या झेंड्याची चकरांची संख्या कमी करण्याचं किंवा त्या चकरा वगळण्याचं सेटिंग शोधा. चाळीस चकरांच्या रेसमध्ये एकेका झेंड्याने चार-पाच चकरा खाल्ल्या तर फारसं काही उरत नाही.

पायरी ६: ट्रॅकप्रमाणे बदल

मार्टिन्सव्हिल अवघ्या ०.५२६ मैलाचा, म्हणजे ८४६ मीटरचा. तिथे ३६ गाड्या सोडल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला साडेतेवीस मीटर येतात. एआयची गर्दी होते, संगणक अडखळतो. २४ ते २८ गाड्या ठेवल्या तरी रंगत जात नाही. टॅलाडेगा २.६६ मैलांचा, वळणांचा उतार ३३ अंशांचा. तिथे उलट पूर्ण गाड्या हव्यात. पुढच्या गाडीमागे हवेचा अडथळा कमी होतो, त्या ड्राफ्टवरच सगळा खेळ असतो, आणि दहा-पंधरा गाड्यांत रांगा बनतच नाहीत. टॅलाडेगाला थ्रॉटल जवळजवळ सतत दाबलेलंच असतं, म्हणून गेमपॅडवर सुरू करणाऱ्यांना मी हाच ट्रॅक सुचवतो. हातांचं काम थोडं, डोक्याचं भरपूर.

डार्लिंग्टनची गोष्ट निराळी. १.३६६ मैलांचा हा ट्रॅक अंड्याच्या आकाराचा आहे. जागेच्या मालकाला त्याचं माशांचं तळं वाचवायचं होतं म्हणून एक बाजू आखूड ठेवावी लागली, असं सांगतात. दोन्ही टोकं वेगळी असल्याने गाडी एका टोकाला जमली की दुसऱ्या टोकाला बिनसते. खरबरीत डांबर टायर खातं. वेगवान रेषा भिंतीला इतकी लागून आहे की गाडीची उजवी बाजू खरचटणं हा इथला शिरस्ताच. इथे नुकसानाचं सेटिंग एक पायरी खाली आणा, झीज मात्र एकपटीच्या वर नेऊ नका.

पायरी ७: गाडीचा सेटअप, थोडासाच

गेममधला ठरलेला सेटअप महिनाभर बदलू नका. त्यानंतरही दोनच शब्द लक्षात ठेवा. गाडी वळत नाही, नाक भिंतीकडे जातं, तर ती टाइट. मागचा भाग बाहेर येतो, तर लूज. टाइट गाडी मनस्ताप देते, लूज गाडी गरकन फिरते. स्टीअरिंगवर नव्या माणसाला किंचित टाइट गाडीच सोयीची. उजवा पुढचा आणि डावा मागचा कोपरा मिळून किती वजन पेलतात ते वेजने ठरतं. वेज वाढवला की गाडी टाइट, कमी केला की लूज. एका वेळी एकच बदल, त्यानंतर किमान पंधरा चकरा. तीन चकरांत गाडीबद्दल काही कळत नाही, हे भाच्यानेही अनुभवलं.

ऑनलाइन जाणार असाल तर

महाराष्ट्रातून अमेरिकेच्या सर्व्हरवर खेळलात तर पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ, दोनशे मिलिसेकंदांच्या वर जातो. ताशी १९० मैलांवर गाडी सेकंदाला ८५ मीटर कापते. पाव सेकंदात २१ मीटर, म्हणजे चार गाड्यांची लांबी. मधली जागा गेम अंदाजाने भरतो. सगळे एका दिशेने एका वेगाने जात असताना अंदाज बरोबर येतो; कुणी अचानक थ्रॉटल सोडलं की चुकतो. म्हणून दूरच्या सर्व्हरवर पुढच्या गाडीला मागून ढकलू नका, दोन गाड्यांचं अंतर सोडा. स्वतःची प्रत्येक हालचाल सावकाश करा, म्हणजे समोरच्याच्या पडद्यावर तुमची गाडी उडी मारणार नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात रात्रीचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच झालेले असतात. त्या वेळी गर्दी जास्त आणि रेस चांगल्या. मी शनिवारी-रविवारी पहाटे उठतो.

ऑनलाइनला स्लायडर नसतात, पण आधी घरी एआयबरोबर घोटलेलं सगळं तिथे उपयोगी पडतं. नॅसकारचा चालक विल्यम बायरन याने रेसिंगची सुरुवात आयरेसिंगवर केली आणि २०२४ व २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं डेटोना ५०० ही नॅसकारची मानाची शर्यत जिंकली.

वही

गेमपेक्षा वहीवर भरवसा ठेवा. ट्रॅकमागे एक पान, आणि रेसनंतर लगेच नोंद. माझं शार्लटचं सध्याचं पान असं:

शंभर चकरा, गाड्या ३६. झीज आणि इंधन एकपट. एआय ९३ (गेल्या महिन्यात ९१). दृश्य ५८ अंश, फोर्स फीडबॅक ५५ टक्के. एबीएस बंद, ट्रॅक्शन कंट्रोल सगळ्यात खालचं. नुकसान मध्यम, पिवळे झेंडे चालू. पाचवी ते दहावी सरासरी ३०.१२, विसावी ते पंचविसावी ३०.९४. निकाल नववा. ८८ व्या चकरेत पिवळा झेंडा, दोन टायर घेतले, चार हवे होते. पुढच्या वेळी ट्रॅक्शन कंट्रोल बंद करून बघणे.